पाण्यासाठी तीन प्रतींत अर्ज

मला स्वतःला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी पाण्याबद्दल बरंच बोलणार आहे आणि ते सगळं काठावर उभं राहून मिळवलेलं ज्ञान आहे. आमचं मूळ गाव देशावरचं. गावच्या ओढ्याला चार महिने पाणी, तेही घोट्यापर्यंत. वडील नोकरीसाठी मुंबईला आले, मी पुढे विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही ते माझ्या मुलीने केलं. सातव्या वर्षी तिला उन्हाळी शिबिरात पोहायला घातली, आणि तिथून तिने शाळा, क्लास, पाहुणेरावळे सगळं पोहण्याच्या वेळा बघून ठरवायला सुरुवात केली.

तिला सतरा वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी तिने मला सांगितलं की तिला समुद्रात पोहायचंय. दक्षिण कोकणातल्या एका किनाऱ्यावर दरवर्षी स्पर्धा होते, तिथल्या पाच किलोमीटरला तिला उतरायचं होतं. अठराच्या आतल्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं ती या स्पर्धेचे व्हिडिओ बघत होती हे मला माहीत होतं, पण मला वाटायचं, मुली जशा कसलेकसले व्हिडिओ बघतात तसं असेल. तलावात पाच किलोमीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या दोनशे फेऱ्या. ती म्हणाली, भिंत आली की वळायचं, भिंत आली की वळायचं, याचा मला कंटाळा आलाय. तिच्या प्रशिक्षकांनीही सांगितलं की समुद्रात उतरायचं तर आधी उघड्या पाण्यात सराव हवा. त्यांना विचारलं कुठे, तर म्हणाले, ते तुम्ही बघा.

मी बघायला लागलो. मुंबईतल्या एका कार्यालयात मी सव्वीस वर्षं आवक-जावक विभागात काढली आहेत. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, योग्य टेबलाकडे पाठवायचा. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीला एक योग्य टेबल असतं अशी माझी पक्की समजूत होती. पाणी एवढं पसरलेलं असताना त्याचं टेबल सापडू नये, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

सुरुवात घराजवळच्या तळ्यापासून केली. पाणी संथ, काठाला कठडा, पायऱ्या, दिवे, रखवालदार. कुणालाही इथे पोहावंसं वाटेल अशी जागा, आणि नेमकी तिथेच पाटी: पोहण्यास सक्त मनाई. रखवालदाराला कारण विचारलं तर म्हणाला, कुणी बुडेल म्हणून. मी म्हटलं, हिला पोहता येतं. तो म्हणाला, मग तर अजिबातच नाही. डोंगराकडच्या खदाणींत पाणी साठलेलं असतं, तिथे पाटीबिटी काही नव्हती, पण तिथला तळ किती खोल ते कुणालाच सांगता येईना, म्हणून परत फिरलो. मग किनाऱ्यावर गेलो. तिथे गुडघाभर पाण्यात शेदीडशे माणसं कपड्यांसकट उड्या मारत होती. मुलगी टोपी आणि गॉगल चढवून त्यांच्यापलीकडे गेली, तोच शिट्टी वाजली. जीवरक्षकाने तिला बाहेर बोलावून समजावलं की इथे भिजायला हरकत नाही, पोहायचं नाही. म्हणजे ज्यांना पोहता येत नाही त्यांनी पाण्यात जावं आणि जिला येतं तिने बाहेर उभं राहावं. मी त्याला हे दोनदा वदवून घेतलं, कारण मला वाटलं ऐकण्यात माझीच काही चूक होते आहे. तो बिचारा सभ्य होता, त्याने दोन्ही वेळा तेच सांगितलं.

असे सप्टेंबर-ऑक्टोबर गेले. घरात चिडचिड व्हायची ती माझी; मुलगी तलावावर जाऊन आपल्या फेऱ्या मारायची. बायको म्हणाली, तू पाणी शोधतोयस की परवानगी शोधतोयस ते एकदा ठरव. मला तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं वाटतच नव्हतं.

पाणी शेवटी सापडलं ते न शोधता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं वसईचा किल्ला बघायला गेलो होतो, तिथून पुढे पाचूबंदरला गेलो. रविवार असल्यामुळे बोटी सगळ्या लागलेल्या. तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरांत रविवारी जाळं पाण्यात पडत नाही. सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचं, दिवसभर घरी. एक सत्तरीचे गृहस्थ चर्चचे कपडे न बदलता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आपली लहान होडी धूत होते. मुलगी धक्क्यावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. त्यांनी तिला विचारलं, काय बघते? तिने सांगितलं. किती पोहते म्हणून विचारलं, तिने तेही सांगितलं. ते हसले, पण थट्टेने नाही. मग तिला सोडून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रविवारी होडी माझी नुसती पडून असते. पानी गरीब असंल तवा आना तिला."

पाणी गरीब कधी असतं ते त्यांनीच शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खाडीच्या तोंडाशी ओढ इतकी की होडीसुद्धा ऐकत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढतं थोडं, उतरतं थोडं, आणि मध्ये बराच वेळ थांबतं. भरती कधी भरणार ते काढायला तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर साडेसात, एकादशीला सव्वाआठ. घरात येशूच्या तसबिरीशेजारी तिथ्यांचं कॅलेंडर लावलेलं होतं, आणि ते बघून ते मला रविवार सांगत. हिशेब असा की एक रविवार सोडून पुढचा रविवार जमायचा. मी मोबाइलवर पडताळून पाहिलं, पाचदहा मिनिटांचा फरक. एवढा अचूक कागद माझ्या कार्यालयातही मी कमीच पाहिला होता.

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. पहिला मिस्सा आटोपून आजोबा, मुलगी त्यांना आजोबा म्हणायला लागली होती, धक्क्यावर येत. होडी ढकलण्याआधी कपाळ, छाती, खांद्यांवरून क्रूसाची खूण करत. होडीत जाड दोर आणि जाळ्याचे जुने तरंगते बोये एकत्र बांधलेला एक झुबका असे, दमली तर धरायला. ते वल्हं मारत तिच्या डाव्या अंगाला राहत, आणि बाकीच्या बोटी रविवारी लागलेल्या असल्यामुळे मधे कुणी येत नसे. आधी पाण्याच्या विरुद्ध जायचं आणि परत येताना त्याच्याबरोबर, हा त्यांचा नियम. मी धक्क्यावर घड्याळ घेऊन उभा. पहिल्या दिवशी ती लाल टोपी लहान होत होत दिसेनाशी झाली तेव्हा मी घड्याळ बघायचं विसरलो हे मी कबूल करतो. परत आली ती नखशिखांत मातकट पाण्याने माखलेली, ओठ निळे पडलेले, आणि बोलायचं थांबेना. आजोबा माझ्या बायकोने घरून पाठवलेले तिळाचे लाडू खात तिच्याकडे बघत होते. घरी येताना ती गाडीत झोपली. तिला इतकी खूश मी दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

असे चार रविवार झाले आणि जानेवारीच्या सुरुवातीला स्पर्धेचा फॉर्म आला. उघड्या पाण्यात किमान पाच सराव झालेले असावेत. सरावाच्या ठिकाणाचं नाव लिहायचं, आणि खाली पालकाने सही करायची की सदर सराव अधिकृत व सुरक्षित ठिकाणी झालेला आहे.

दुसरा कुणी बाप असता तर सही करून मोकळा झाला असता. तिच्याबरोबरच्या मुलांच्या आईबापांनी सह्या केल्याच. एकाने तर ठिकाण म्हणून 'अरबी समुद्र' लिहिलं. पण मी सव्वीस वर्षं लोकांचे कागद परत पाठवत आलोय. सुरक्षित याबद्दल मला शंका नव्हती; त्या म्हाताऱ्याइतका सुरक्षित माणूस मला माहीत नव्हता. अधिकृत या शब्दापाशी मात्र माझं पेन अडलं. अधिकृत म्हणजे कुणी? मनाई कुठेही नव्हती, पाचूबंदरला तशी पाटी नव्हती. पण परवानगीही कुठे नव्हती. मनाई नसणं म्हणजे परवानगी असणं का, हे मी बायकोला विचारलं, प्रशिक्षकांना विचारलं, एका वकील मित्राला विचारलं. तिघांची उत्तरं वेगळी आली आणि मित्राचं उत्तर तर दोन दिवसांत बदललं. मुलगी म्हणाली, "बाबा, सही करा ना." मी म्हटलं, थांब, रीतसर करू.

आणि मी अर्ज लिहिला. तीन प्रतींत, तीन कार्यालयांना, कारण त्या पाण्याचं टेबल नेमकं कोणाकडे आहे ते मला अजूनही कळलं नव्हतं. विषय: खाडीच्या पाण्यात पोहण्याच्या सरावास परवानगी मिळणेबाबत. अर्ज अपुरा म्हणून परत येऊ नये याची मी फार काळजी घेतली, कारण अपुऱ्या माहितीचे किती अर्ज मी स्वतःच्या हाताने परत पाठवले होते त्याला गणती नाही. ठिकाण लिहिलं, झालेल्या चार आणि येणाऱ्या पाचव्या रविवारच्या तारखा लिहिल्या, भरतीच्या वेळा लिहिल्या. आणि सराव किती सुरक्षितपणे चालतो हे त्यांना पटावं म्हणून होडीचा नोंदणी क्रमांकही लिहिला. होडीच्या कडेवर तो पांढऱ्या रंगात होता. मी फोटोवरून बघून एकेक आकडा नीट उतरवला. अर्ज वाचून मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगायला हवं.

पाचवा रविवार नेहमीसारखा पार पडला. मी आजोबांना म्हटलं की आता सगळं रीतसर होईल. ते बरं म्हणाले आणि वल्हं उचलून ठेवायला गेले. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, मी काही सविस्तर सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी गेलो तर धक्क्यावर नवी कोरी पाटी: या ठिकाणी पोहण्यास सक्त मनाई. रंग अजून चकाकत होता. सरकारी कामाला एवढा वेग मी आयुष्यात पाहिला नव्हता. संध्याकाळी तिथे वस्तीतली पोरं पाण्यात उड्या मारायची, बायका पाय बुडवून बसायच्या, त्यांच्यासाठीही आता ती पाटी होती. आजोबा होडीपाशी नव्हते. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, मिस्साचे कपडे अंगावर, हातात कागद. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीचा वापर अन्य कारणासाठी करून बिगर मच्छीमार व्यक्तीस पाण्यात नेल्याचे निदर्शनास आले असून, आपला परवाना रद्द का करण्यात येऊ नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. दिवाळीनंतरच्या सगळ्या तारखा दिल्या होत्या. माझ्याच तारखा, मी लिहिल्या होत्या त्याच क्रमाने.

"माझा नंबर त्यांना कोनी दिला?" त्यांनी विचारलं.

मी दिला म्हणून सांगितलं. तुम्ही बरोबर असता म्हणून ती सुरक्षित असते हे त्यांना कळावं, म्हणून दिला. हे बोलताना मलाच ते ऐकवेना. मला लाज वाटली, अशी की तोंड लपवायला जागा सापडेना. ते रागावतील, ओरडतील, निदान आम्हाला उठून जायला सांगतील असं मला वाटत होतं. त्यांनी कागद माझ्याकडून परत घेतला. आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. आतापर्यंत मला 'सायब' आणि 'तुमी' म्हणणारे आजोबा मग म्हणाले, "मग उत्तर पन तूच लिव."

होडी लहान होती, पण त्यांच्या नावावर होती आणि त्यांचं पोट तिच्यावर होतं. मोठी बोट मुलाची, तिच्यावर ते आता जात नसत. या वयात परवाना गेला तर पुन्हा कोण देणार?

मी घरी येऊन खुलासा लिहायला बसलो. पहिला खरा लिहिला. होय, मुलीला नेलं, पण मासेमारीच्या दिवशी नाही, रविवारी; पैसे घेतले नाहीत; जीव वाचवण्याची साधनं होती. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला तो फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, पहिल्या ओळीत 'होय' लिहिलंस ना, पुढचं कोणी वाचणार नाही. हे मलाही माहीत होतं. मी स्वतः कधी पुढचं वाचलं आहे का? मग दुसरा लिहिला. सदर तारखांना माझी होडी धक्क्यावर बांधलेली होती. कोणत्याही व्यक्तीस पोहण्यासाठी पाण्यात नेलेले नाही. अर्जदाराने दिलेली माहिती गैरसमजातून दिलेली आहे.

हा खुलासा वाचला आणि मग माझ्या लक्षात आलं. शेजारीच स्पर्धेचा फॉर्म पडला होता, भरलेला, फक्त सही राहिलेली. त्याच पाच तारखा. ठिकाण: पाचूबंदर, वसई. एका कागदावर ती तिथे पाच वेळा पोहली होती, दुसऱ्यावर एकदाही नाही. दोन्ही माझ्याच अक्षरात. फॉर्मची मुदत बुधवारची, खुलाशाची शुक्रवारची. दोन्ही कागद वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या लोकांकडे जाणार होते, कुणी ते शेजारी ठेवून बघणार नव्हतं. बायको तेच म्हणत होती. पण होडीचा नंबर लिहितानाही मला असंच वाटलं होतं की त्यातून वाईट काही होणार नाही. मला खरंच कळत नव्हतं की यातलं खोटं कुठलं, आणि खोटं म्हणायचं तरी कुणाच्या बाजूने.

मुलगी आली. दोन्ही कागद तिने वाचले. मी तिला समजावून सांगायला लागलो की आणखी एक मार्ग आहे, आपण पुन्हा एक अर्ज करून... तिने मला हाताने थांबवलं.

"दुसराच खुलासा द्या," ती म्हणाली. "मी तिथे पोहलेच नाही, असंच लिहा."

फॉर्म तिने उचलला, घडी घातली आणि आपल्या खोलीत घेऊन गेली. बुधवारी तो गेला नाही. मी दोनदा तिच्या दाराशी गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो. बायकोने त्या रात्री मला जेवायला वाढलं आणि माझ्यासमोर बसली नाही.

खुलाशावर सही घ्यायला गेलो तेव्हा आजोबांना मी तो वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं की बाय, म्हणजे माझी मुलगी, कधी जाणार आहे स्पर्धेला. जाणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. पोर पोहली, माझ्या डोळ्यांदेखत पोहली, मग नाही कसं म्हणू, असं काहीसं ते आपल्या बोलीत म्हणत होते, मला म्हणत होते की स्वतःच्या बायकोला ते कळलं नाही. तिनेच शेवटी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांनी सही केली.

परवाना राहिला. फेब्रुवारीत स्पर्धा झाली, तिच्या गटातल्या दोघीतिघी जाऊन आल्या. ती तलावात जात राहिली, पहाटेची वेळ तिने बदलून संध्याकाळची घेतली. पाचूबंदरला आम्ही त्यानंतर गेलो नाही. जायला हरकत नव्हती, पाटी पोहण्यावर होती, भेटण्यावर नव्हती. तरी मी काही गेलो नाही.

मार्चच्या मध्यावर माझ्या नावाने एक लिफाफा आला. मी विसरूनही गेलो होतो की मुळात अर्ज माझा होता आणि त्याचं उत्तर यायचं राहिलं होतं. आपल्या दिनांक अमुकच्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, सदर ठिकाणी होडीमालकाच्या लेखी खुलाशानुसार कोणीही व्यक्ती पोहत नसल्याने परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. कागदात एकही चूक नव्हती. माझ्या टेबलावर आला असता तर मीही तो पुढे पाठवला असता.

मुलगी तलावावरून आली, केस ओलेच होते. टेबलावरचा कागद तिने उभ्याउभ्या वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कागद जसा होता तसा लिफाफ्यात घातला आणि माझ्या हातात दिला.

"बाबा," ती म्हणाली, "आता याला उत्तर नका देऊ."